रोमन सुरईतली हाक

आधीच सांगते, मी देवळात जाते ती शिल्पं बघायला. हात जोडायचं बऱ्याचदा राहूनच जातं. कुणी भुताखेताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. या पानावर असले अनुभव लिहिणाऱ्यांना मी मनातल्या मनात कितीदा हसलेय... आणि आज मीच लिहायला बसलेय. आता वय झालं. त्या दिवशी तिथे हजर असलेल्यांपैकी माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते.

महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. मी पुण्याहून पुरातत्त्व शिकून नुकतीच बाहेर पडले होते आणि डहाणूला एका उत्खननावर लागले होते. माझं काम म्हणजे सापडलेल्या भांड्यांची चित्रं काढायची आणि फुटलेली भांडी जोडायची. डहाणू रोड स्टेशनपासून जवळच मसोलीला आमचं बिऱ्हाड होतं. तिथून चिकूच्या वाड्या ओलांडून खाडीकडे गेलं की मातीचा एक उंचवटा लागे. तिथे आमचा कॅम्प — चार तंबू, एक ताडपत्रीची शेड आणि खणलेले चर.

उंचवट्याच्या पोटात भाजलेल्या विटांची एक जाड भिंत निघाली होती. तिच्या आसपास मातीतून तांबूस खापऱ्यांचे ढीग निघत होते. या खापऱ्या आपल्याकडच्या मातीच्या नव्हेत. रोमन जहाजांतून दारू आणि तेल भरून येणाऱ्या उंच, दोन कानांच्या, टोकदार बुडाच्या भांड्यांच्या. पुस्तकी नाव अँफोरा, आम्ही सुरई म्हणायचो. भिंत बहुधा त्या व्यापाराच्या वखारीची असावी, असा आमच्या सरांचा तर्क होता.

सर इटलीत शिकून आले होते. उत्तर आफ्रिकेत वाळूतून वर आलेल्या रोमन शहरांवर त्यांनी काम केलं होतं. ते नेहमी म्हणत, "खणणं सोपं असतं, राखणं अवघड. भिंत उघड्यावर आली की त्या दिवसापासून ती मरायला लागते." आमच्या भिंतीच्या विटा लोकांनी विहिरीच्या काठाला न्यायला सुरुवात केलीच होती. त्यामुळे सर सतत काळजीत, सतत चिडलेले.

खापऱ्या धुवायच्या कामावर जानकी नावाची बाई होती. डहाणू गावातली, मासेमारीच्या घरातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. पहाटे बोंबील वाळत घालून यायची आणि दिवसभर पाण्यात हात घालून बसायची. तोंडाने अखंड बडबड. मला ताई म्हणायची. मी तिला जानकीबाई.

एक सुरई जवळजवळ पूर्ण सापडली होती. नुसता गळा फुटलेला. मी तिचा एकेक तुकडा प्लास्टरने बसवत आणला होता. वाळूने भरलेल्या खोक्यात ती उभी असायची, माझ्या कमरेपर्यंत येईल एवढी.

माघी पौर्णिमेचा दिवस होता. आदल्या दिवशी पहाटे समुद्रावर दाट धुकं उतरलं होतं आणि मग उत्तरेचा वारा सुटला होता. इतर होड्या परत आल्या, जानकीबाईच्या नवऱ्याची आली नाही. तो — गोविंद — आणि त्याचा धाकटा भाऊ नामा, दोघंच होडीवर होते. पौर्णिमेला उजाडताच गावातल्या बहुतेक होड्या त्यांना शोधायला दक्षिणेला, तारापूरच्या अंगाला गेल्या. वारा उत्तरेचा म्हणजे होडी दक्षिणेलाच वाहून गेली असणार, हा साधा हिशेब.

त्या सकाळी सर तलासरीला गेले होते. हायवेवरून एक ट्रक खोकी आणि पेंढा घेऊन येणार होता, तो वाट चुकू नये म्हणून. शेडमध्ये मी एकटीच काम करत होते. जानकीबाई आली, पण खापऱ्यांना हात लावला नाही. उंचवट्यावरून खाडीचं तोंड दिसायचं, तिकडे बघत ती नुसती बसून राहिली. मी चहा दिला, तो तसाच गार झाला.

"काहीतरी खाऊन घ्या, जानकीबाई."

"नको ताई. तो येईल मग एकदमच खाईन."

गळ्याचा शेवटचा तुकडा हातात होता, तो बसवायला घेतला. सांधा दाबून धरला, डोकं खाली झुकलेलं... आणि माझ्या कानाशी कुणीतरी खोकलं.

मी दचकून मागे बघितलं. कुणी नाही. मजूर पलीकडच्या चरात होते, त्यांचा आवाज वेगळा येत होता. पुन्हा वाकले. रिकाम्या भांड्याचा घूं घूं आवाज असतोच. पण त्याच्या आत पाणी आपटत होतं. लाट येते, दगडावर फुटते, ओसरते... तसं. आणि पुन्हा खोकला. घोगरा, दमलेला.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला वाटलं माझं डोकं फिरलं. दोन रात्री ताप होता, त्यातलंच काहीतरी. मी जानकीबाईला सांगणारही नव्हते. पण तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, उठली आणि काही न विचारता सुरईच्या तोंडाला कान लावला.

तिचा चेहरा कसा बदलला ते मला अजून दिसतं.

"नामाला बोलवतोय," ती कुजबुजली. "ताई... माझा मालक हाय ह्यो. नामाला सांगतोय, डोळं मिटू नको."

मीही तिच्या शेजारी सुरईच्या तोंडाशी कान नेला. खरंच होतं. पुरुषाचा आवाज, फार लांबून, पण शब्द स्पष्ट — "ए नामा, डोळं मिटू नको रे... बोल, कायतरी बोल..."

मग मी जे केलं ते का केलं ते आजही सांगता येत नाही. मी सुरईच्या तोंडाला तोंड लावलं आणि ओरडले, "कोण बोलतंय? कुठे आहात तुम्ही?"

आतलं सगळं थांबलं. पाणीसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. मग—

"म्हातारीच्या खडकाव... पाणी चढतंय, बाय, पाणी चढतंय..."

त्यानंतर नुसती घूं घूं. आम्ही दोघींनी किती हाका मारल्या. काही नाही.

म्हातारीचा खडक बोर्डीच्या बाजूला, म्हणजे उत्तरेला. एरवी भरतीतही त्याचं टोक उघडं राहतं, पण पौर्णिमेच्या उधाणात तेही बुडतं. आणि त्या दिवशी उधाण भर दुपारी होतं. हे मला जानकीबाईने धावता धावता सांगितलं. आम्ही वाड्यांतून, काट्यांतून, कुंपणं ओलांडत गावाच्या किनाऱ्यावर धावत सुटलो होतो. माझी एक चप्पल वाटेत गेली.

किनाऱ्यावर एकच इंजिनाची होडी उरली होती. इंजिन बिघडलं होतं म्हणून सकाळी मागे राहिलेली. आता दुरुस्त होऊन भरतीच्या पाण्यावर निघायच्या बेतात होती. होडी चालवणारा तिचा तांडेल, लक्ष्मणबाबा, पिकल्या केसांचा, कमी बोलणारा. त्यालाही दक्षिणेलाच जायचं होतं. जानकीबाईने त्याचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. जमलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "दुःखाने डोकं गेलं हिचं."

लक्ष्मणबाबा तिला हळूच म्हणाला, "पोरी, वारा उत्तरेचा. होडी वर कशी जाईल? मी तिकडं गेलो आणि ते इकडं असले तर? परत यायला वेळ नाय उरणार."

"ताईंनी पण ऐकलंय! त्यांना विचार!"

सगळे माझ्याकडे वळले. शिकलेली बाई, पुण्याची, खांद्याला पिशवी, अंगावर प्लास्टरचे डाग. मला अजून आठवतंय, माझ्या मनात वाक्य तयार होतं — 'मला नक्की सांगता येणार नाही.' किती सभ्य वाक्य! ते बोलले असते तर कुणी मला दोष दिला नसता. आणि बाबा चुकीच्या दिशेला गेला असता तर तेही माझ्या माथी आलं नसतं.

"ताई," बाबाने विचारलं, "तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं."

"ह्या कानांनी?"

"ह्या कानांनी. म्हातारीचा खडक म्हणाले. पाणी चढतंय म्हणाले."

"महालक्ष्मीची आण घेता?"

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला मी एकदाच गेले होते, तेही जुने दगड बघायला. "घेते," मी म्हटलं. "महालक्ष्मीची आण."

बाबाने नांगर उचलायला सांगितला. होडी खाडीबाहेर पडली आणि तिने उत्तरेला तोंड केलं.

नंतरचा वेळ... तो नुसता पाण्याकडे बघण्याचा वेळ होता. पाणी वाळूवर एकेक हात पुढे येत होतं. जानकीबाई रडत नव्हती. तिची सासू मात्र मला एकदा सरळ म्हणाली, "तुमचं खोटं निघालं ना बाय, तर ह्या गावात पाय ठेवू नका." मी मान हलवली. माझ्या मनात त्याहून वाईट चाललं होतं. आपल्याला भास झाला असेल तर? एका दुःखी बाईच्या भासात आपणही वाहून गेलो असू तर? पाणी बोंबील वाळवायच्या वलांडीच्या बांबूंपर्यंत चढलं, थांबलं, आणि उतरायला लागलं तरी होडी दिसेना.

दरम्यान सर ट्रक घेऊन कॅम्पवर परतले होते. शेड रिकामी, सुरई उघडी, ओला सांधा तसाच. ते तणतणत किनाऱ्यावर आले. "सांधा सुकायच्या आत भांडं सोडून जातं का कुणी?" असं ते म्हणतायत तोवर बाया ओरडल्या. होडी दिसली होती.

डोलकाठीपाशी लक्ष्मणबाबा उभा होता. त्याने एक हात वर केला, मग दुसरा. दोघंही जिवंत होते.

नामाला शुद्ध नव्हती, त्याला उचलून नेलं. सासू आणि जानकीबाई त्याच्यामागे धावल्या. गोविंदला वाळूवर बसवलं. ओठ फुटलेले, गुडघे सोललेले. त्यांची होडी धुक्यात फुटली होती. एका फळीला धरून भरतीच्या ओढीने दिवसभर, रात्रभर उत्तरेकडे वाहिले आणि त्या पहाटे ओहोटीत खडकावर चढले. लक्ष्मणबाबा पोचला तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं, आणि गोविंदने भावाला खांद्यावर घेतलं होतं.

मी तांब्या पुढे केला. "पाणी घ्या. सावकाश प्या."

तो तांब्याकडे हात नेता नेता थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

"ह्याच," तो म्हणाला. "ह्याच बाय विचारत होत्या. कोण बोलतंय, कुठे आहात तुम्ही... पाण्याखालनं आवाज आला."

सरांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, मी चार वाक्यांत सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी चढली. "मृत्यू समोर दिसला की माणसाला आवाज येतात," ते हलकेच मला म्हणाले. "आणि तुम्ही दोघी घाबरलेल्या होतात. त्या खडकाचं नाव जानकीला माहीत होतंच."

गोविंद पाणी प्यायला, त्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "पण ताई, तुमच्या आधी दुसरा कोण हाका मारत होता?"

"दुसरा कोण?"

"पुरुष होता. खडकाव चढलो तेव्हापासनं त्याचाच आवाज. परत परत तेच. रडत होता जणू. आपली भाषा नाय. गुजराती पण नाय."

"काय म्हणत होता?" सरांनी सहज विचारलं.

गोविंदने डोळे मिटले. "उबी... उबी एस्तीस. उबी एस्तीस. असं कायतरी."

सर दोन पावलं पुढे आले. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "पुन्हा म्हण." त्याने पुन्हा म्हटलं. सरांनी विचारलं, कधी चर्चमध्ये गेला होतास? कुठल्या पाद्र्याकडे काम केलंस? कॅम्पवर आला होतास? तो प्रत्येकाला नाही म्हणाला. मग सर, ज्यांच्या पँटीला मी कधी मातीचा डाग पाहिला नव्हता, ते ओल्या वाळूत मटकन खाली बसले.

"ही लॅटिन आहे," ते मला म्हणाले. "मी इथे आल्यापासून लॅटिनचा एक शब्द उच्चारलेला नाही... 'तुम्ही कुठे आहात?' असा त्याचा अर्थ."

पुढे सरांनी सगळे प्रयोग केले. खडकावर माणसं पाठवली, ठरल्या वेळी मी सुरईत बोलले, त्यांनी तिकडून हाका मारल्या. इकडून तिकडे काही गेलं नाही, तिकडून इकडे काही आलं नाही. वारा वेगवेगळ्या दिशांचा असताना करून पाहिलं, भरती-ओहोटी दोन्ही पाहिल्या. नुसती घूं घूं.

पावसाळ्याआधी आम्ही ती भिंत वाळूने पुन्हा झाकली. उघडी ठेवली असती तर दोन वर्षांत तिची वीट उरली नसती. शेवटची घमेली पडत होती तेव्हा गोविंद आणि नामा आपणहून येऊन हात लावून गेले. सुरई पेंढ्यात बांधून संग्रहालयात गेली. अहवालात सरांनी तिच्याबद्दल मापं आणि मातीचा रंग एवढंच लिहिलं. मीही त्यावर आग्रह धरला नाही, कारण लिहिणार तरी काय होतो?

सर वारले त्याच्या वर्षभर आधी मी त्यांना भेटायला गेले होते. तो विषय त्यांनीच काढला. म्हणाले, "खूप विचार केला. पाण्यातून आवाज लांब जातो हे खरं, पण एवढा नाही. आणि दोन हजार वर्षं तर नाहीच."

गोविंद आणि नामाला आम्ही विचारलं, आणि त्यांनी उत्तर दिलं. पण तो जो कोणी, बहुधा ह्याच सुरईतून, आपल्या माणसांना शोधत होता, त्याला कधी कुणी उत्तर दिलं का... हे मला कळत नाही. आणि अजूनही तो विचारतच असेल, तर ते कळून मी काय करणार?