बजबजच्या शेडखालच्या साठ बल्ल्या

कोलकात्याजवळच्या बजबजमधल्या त्या शेडचं प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक उपनिरीक्षक होऊन निवृत्त झालो, ते कुणाच्या शिफारशीने नाही. वडील फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या बांधकामावर सुतार होते. गोठा असो की कारखान्याची शेड, खर्च तोंडी काढत. त्यांच्याजवळ बसून मीही शिकलो.

नदीकाठी एका लेथवाल्याची शेड बांधली जात होती. छप्पर चढण्याआधीच एका बाजूचे खांब कलले. तिथली माती लोण्यासारखी, म्हणून पायाखाली साल वृक्षाच्या बल्ल्या, म्हणजे लांब गोल वासे, जमिनीत ठोकाव्या लागतात. खणून पाहिलं तर एकही नाही. ठाण्यात निनावी फोन आला, बल्ल्या तिथल्या गवंडी मिस्त्रीने विकल्या. त्याच्या झोपडीमागे दोन सापडल्याही. ठेकेदाराने साठ बल्ल्यांची पावती दाखवली, खाली माल मिळाल्याचा मिस्त्रीचा अंगठा. पंचनामा करून मिस्त्रीला मीच लॉकअपमध्ये घातलं.

म्हातारा एवढंच म्हणाला, "बल्ल्या आल्याच नाहीत, दारोगाबाबू. त्या दोन माझ्या घराच्या टेकूच्या. कागद मजुरीचा म्हणाले, मी अंगठा दिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात हजर करायचं होतं. सकाळी बडाबाबूंनी, म्हणजे आमच्या ठाणेप्रमुखांनी, ठेकेदाराला जबाबासाठी बोलावलं. मी अंदाजपत्रक मागितलं.

ठेकेदार हसला. "इंग्रजीत आहे. वाचता येईल?"

"नाही. तुम्ही वाचा, मी ऐकतो."

विटा, सिमेंट, लोखंड, पत्रे, बारा फुटी बल्ल्या साठ. मजुरीत मिस्त्री एक, मजूर चार. संपलं.

"पुन्हा वाचा."

त्याने कंटाळून पुन्हा वाचलं.

"बल्ल्या ठोकणारे कुठे आहेत?"

"मिस्त्री ठोकणार होता."

"उंच लाकडी घोडी उभी करून वरून वजन आपटावं लागतं. दोरी ओढायलाच दहा माणसं. घोडीचं भाडं नाही, माणसं नाहीत."

"ते मागाहून लावणार होतो."

"खांब उभे राहिल्यावर? मग बल्ल्या खाली कशा घालणार होतात, मंत्र म्हणून?"

बडाबाबू खो खो हसले. मी पंचनाम्यात घेतलेली कामावरची हजेरीवही पुढे केली. पाया भरला त्या दिवशी ठेकेदाराची सही होती. बल्ल्यांशिवाय पाया भरताना हा माणूस तिथेच उभा होता! त्याला बल्ल्यांचे पैसे मालकाकडून घ्यायचे होते, ठोकायच्या नव्हत्याच. म्हणून ठोकण्याचा खर्च त्याच्या डोक्यातच आला नाही.

पावती ठेकेदाराच्याच मेव्हण्याच्या लाकूडवखारीची निघाली. मेव्हण्याला वेगळं बसवून विचारलं. माल दिलाच नाही, नुसता कागद दिला, असं त्याने कबूल केलं. फोनही ठेकेदारानेच करवला होता.

बडाबाबूंनी मिस्त्रीला जातमुचलक्यावर सोडलं. मला वाटलं, हात जोडेल. तो लुंगी सारखी करत म्हणाला, "हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं, तर काल मला का नाही विचारलंत, किती माणसं कामावर होती?"



पुढे बांधकामाचं कुठलंही प्रकरण आलं की पदवीधर अधिकारी मला बोलावून अंदाजपत्रक वाचून दाखवत. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या दिवशी कागदावरचा अंगठा पाहून एका कारागिराला मी चोर ठरवलं होतं; मी, चौथी शिकलेला. त्यानंतर अंगठा देणारा माणूस ठाण्यात आला की मी आधी त्याला खुर्ची दिली, आणि पहिला प्रश्न त्याच्या कामाचा विचारला.