छतातून आलेला वारा

ती दुपार मी विसरलो नाही. विसरावी म्हणून बदली मागून घेतली, पुढे मुदतीआधी नोकरीही सोडली, तरी नाही. लोकांना वाटतं पोलिसाला मेलेल्या माणसांचे चेहरे आठवत असतील. मला एक छत आठवतं.

नावं कुणाचीच लिहीत नाही. जालना शहराबाहेर भोकरदन रस्त्याला बियाण्यांचं एक तीनमजली गोदाम होतं. वरच्या मजल्यावर आसपासच्या गावांतल्या बायका बियाणं निवडून पाकिटं भरायच्या. मी त्या हद्दीतल्या ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. वैशाखातली दुपार. ठाणे अंमलदाराने फोन ठेवला आणि म्हणाला, "साहेब, गोदाम पेटलं."

आम्ही पोचेपर्यंत बायका खाली आल्या होत्या. सगळ्या नाही. एक वर राहिली होती. अग्निशमन दलाने आग आटोक्यात आणली तेव्हा ती सापडली. धुराने गेली होती. अंगाला फारसं भाजलेलं नव्हतं. दारापासून दहा पावलांवर, छतावरच्या एका फवाऱ्याच्या बरोबर खाली.

या फवाऱ्यांविषयी थोडं सांगायला हवं. छताखालून लाल पाइप फिरवलेले असतात, त्यांना ठरावीक अंतरावर तोट्या. प्रत्येक तोटीच्या तोंडाशी काचेची करंगळीएवढीही नसेल अशी नळी, आत लाल द्रव. आगीची धग लागली की ती काच फुटते आणि तोटी उघडते. पाइपात दाबाखाली पाणी भरून ठेवलेलं असतं, ते लगेच पडू लागतं. दाब उतरला की खालचा पंप आपोआप सुरू होतो आणि टाकीतलं पाणी वर ढकलत राहतो. माणसाला काही करावं लागत नाही.

पंचनाम्याला वर गेलो तेव्हा आगीच्या पट्ट्यातल्या सगळ्या काचा फुटलेल्या होत्या. म्हणजे तोट्या उघडल्या होत्या. खाली राख मात्र कोरडी. अग्निशमनवाल्यांनी खिडकीतून पाणी मारलं होतं तेवढाच कोपरा ओला. पंपाच्या खोलीत जळक्या तारेचा वास होता. पंप कोरडाच फिरून जळाला होता. टाकीचं झाकण उघडलं. तळाला चिखल.

आणि तो आवाज. बाहेर वाऱ्याची झुळूक आली की उघड्या तोट्यांतून पाइप श्वास घ्यायचा. लांब, आत ओढल्यासारखा. थांबायचा. पुन्हा सोडायचा. माझा हवालदार वीस वर्षं मढी उचलणारा माणूस, पण जिन्यातच थांबला. "साहेब, मी खालून लिहून घेतो. तुम्ही वरून सांगा, मला बराबर ऐकू येतं."

मृत बाईची जाऊ तिच्याच शेजारी बसून काम करायची. तिचा जबाब घेतला.

"पळाली का नाही ती?"

"म्या हात धरून ओढलं साहेब. ती म्हन्ली, थांब, आता वरून पानी पडंल. पायपं बसवनाऱ्या मिस्त्रीनं सांगितल्तं ना, भिऊ नका, आग लागली तर वरून पाऊस पडंल, म्हनून. ती वर बघत उभीच राह्यली."

"मग?"

"मंग काच फुटली. पानी न्हाई आलं. वारा आला."

"कुठून?"

"छतातून. सूं करून. छतानं श्वास सोडल्यावानी. त्यानं जाळ आडवा झाला अन् मी पळाले." तिने मान वर करून पाहिलं. "कुनाचा वारा व्हता त्यो, साहेब?"

हवालदाराने लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी जबाबात लिहायला सांगितलं, 'साक्षीदार घाबरलेली होती.' वेडंवाकडं बोलणारा साक्षीदार बहुतेक वेळा डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत असतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कागदाला जे बसत नाही ते कागदावर घ्यायचं नाही, अशी सवय लागलेली.

खबर मिळाली ती गोदामाच्या गेटसमोरच्या चहावाल्याकडून. दोन दिवसांनी तो ठाण्याच्या मागच्या दाराने आला. "साहेब, माझं नाव नका घेऊ. त्या पायपात पानी कधी भरलंच न्हाई. मिस्त्रीनं कॉम्प्रेसर लावून हवा भरल्ती. सायकलच्या टूबवानी. जोडावर साबणाचा फेस लावू लावू पाहत व्हता. आम्ही हसलो बी त्याला, म्हन्लं मिस्त्री, पंक्चर काढून राह्यले का?"

मिस्त्री जाफराबादचा. पाइप जोडण्यात हात बसलेला, चाळिशीचा मुसलमान माणूस. गाडी पाठवायच्या आत स्वतःच एसटीने ठाण्यात हजर झाला. ठाण्यात आलेला माणूस आधी काय विचारतो यावरून मी त्याला तोलायचो. कुणी विचारतो, मला किती वेळ लागेल. कुणी विचारतो, वकील बोलावू का. याने विचारलं, "ती बाई कुठं उभी होती?"

मी सांगितलं. तो खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला.

"हवा भरली होतीस का?"

"भरली साहेब. म्याच भरली."

"का?"

"पाण्यावर टेस्ट करायची तर पायपं दोन-तीन बार धुवून काढावे लागते. ते पाणी वाया जातं. गोदामाचा मॅनेजर म्हणला, मिस्त्री, इथं माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तू लोखंड धुणार? हवेवर कर. मंग म्या हवेवर केली. दाब दोन दिवस बिलकुल हलला न्हाई. म्हणलं पाऊस पडू द्या, मंग पाणी भरून पुन्हा टेस्ट घेतो."

"आणि हवा तशीच ठेवलीस."

"दाबाच्या मीटरचा काटा वर दिसावा म्हणून मॅनेजरनं ठेवायला लावली. वरच्यांना रोज त्याचा फोटो पाठवावा लागतो म्हणला."

त्याने दिलेला दाखला मी समोर ठेवला. 'दाब चाचणी केली. दाब टिकला.' कशावर केली ते लिहिलेलं नव्हतं.

"हे खोटं आहे का?"

"खोटं न्हाई. पुरं बी न्हाई," तो म्हणाला. "पण साहेब, टाकी भरेल होती. जाताना म्या झाकण उघडून पाह्यलं, काठोकाठ. म्हणून तर बेफिकीर राह्यलो. हवा निघून गेली असती, मंग पाणी आलं असतं."

टाकीचं ते बोलणं हवालदार लिहू लागला. मी म्हणालो, "तेवढं राहू दे. कबुली पुरे."

गुन्हा उकलला म्हणून वरिष्ठांचा फोन आला. वर्तमानपत्रातही आलं. पण अग्निसुरक्षेचा एक जाणकार तपासणीसाठी नेमलेला होता, त्याला ही कबुली पुरली नाही. त्याने पंप बदलून घेतला, फुटलेल्या तोट्या बदलल्या, बाई सापडली तिथली एक तोटी मात्र व्हॉल्व्हवर ठेवली, हाताने उघडता येईल अशी. पाइपात मिस्त्रीने भरली होती तेवढीच हवा भरली. टँकर बोलावून टाकीत पाणी घेतलं. मग सगळ्यांना वर बोलावलं. मी होतो, दोन पंच, मॅनेजर, ती जाऊ, आणि बेडी घातलेला मिस्त्री.

त्याने व्हॉल्व्ह फिरवला.

सूं असा आवाज झाला आणि छतातून वारा सुटला. खालची राख उठली. एका जागी गोल फिरली आणि आमच्या दिशेने सरकत आली, कुणीतरी पाय घासत चालत यावं तशी. जाऊ किंचाळली, "ह्योच! ह्योच वारा!" मिस्त्री डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. वारा संपता संपत नव्हता. मग खाली पंप गुरगुरला, पाइपात दूर कुठेतरी ठक झालं, मग जवळ ठक, मग आमच्या डोक्यावर. तोटीने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि गंजाचं काळं पाणी बदाबदा पडलं. थोड्या वेळात ते स्वच्छ झालं. राखेवर, जिथे चुन्याने तिची आकृती काढली होती, तिथे पाऊस पडत राहिला.

जाणकाराने घड्याळ पाहिलं. "एका मिनिटाच्या आत," तो म्हणाला. "हवा भरणं चूकच. पण टाकीत पाणी असतं तर उशिरा का होईना, पाणी आलं असतं. बाई वाचली असती. साहेब, टाकी कुणी रिकामी केली ते शोधा."

मी मान हलवली. मला शोधायचं नव्हतं, कारण मला माहीत होतं.

आगीच्या आधीच्या महिन्यात आमच्या पोलीस वसाहतीचे नळ आठवडाभर कोरडे होते. आमच्याकडे ते नवं नाही. घरात बायका भांड्यांच्या रांगा लावून बसलेल्या, हवालदारांची तोंडं लांब झालेली. मी मॅनेजरला फोन केला. मीच केला. म्हणालो, वसाहतीचं काही बघा. तो म्हणाला, "तुमच्यासाठी एवढं न्हाई का, साहेब?" त्या दिवसापासून एक दिवसाआड टँकर येऊ लागला. एका संध्याकाळी गस्तीवर असताना मी गोदामात डोकावलो. टँकरची नळी जमिनीतल्या एका लोखंडी झाकणातून आत सोडून पाणी उपसणं चाललं होतं. झाकणावर लाल रंगात लिहिलं होतं, 'फक्त आगीसाठी'.

मी हसत विचारलं, "आणि आग लागली तर?"

मॅनेजर म्हणाला, "तर तुम्ही येणारच की, साहेब!"

दोघंही हसलो. मी चहा घेऊन घरी गेलो आणि त्या पाण्याने आंघोळ केली.

चाचणीनंतर मी मॅनेजरच्या खोलीत गेलो. तो बसा म्हणाला नाही. नेहमी उठून उभा राहणारा माणूस तसाच बसून राहिला.

"साहेब, गेटवर रजिस्टर आहे," तो म्हणाला. "टँकर कधी भरला, कुठं गेला, सगळं लिहिलेलं आहे. जप्त करायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

त्याच्या मागे खिडकी होती. खिडकीतून ते झाकण दिसत होतं. मी कितीतरी वेळ तिकडेच बघत होतो.

"गरज नाही," मी म्हणालो.

दोनच शब्द. जप्ती पंचनाम्यात गेट रजिस्टर आलं नाही. तीव्र उन्हाळ्यामुळे टाकीत पाणी उपलब्ध नव्हते, असं मी दोषारोपपत्रात लिहिलं. मॅनेजर साक्षीदार झाला, मिस्त्री एकटा आरोपी. खालच्या कोर्टात बचावाच्या वकिलाने मला विचारलं, टाकी रिकामी का होती? मी म्हणालो, "तपासात निष्पन्न झाले नाही." मिस्त्री आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. अपील दाखल झालं आणि तो जामिनावर सुटला.

नंतर रात्री-अपरात्री नाही, भर दिवसा, कुठल्याही कचेरीत बसलो की वर कुठेतरी पाइप श्वास घेतोय असं वाटायचं. माणसं बोलत असायची आणि मी छताकडे बघत असायचो. एकदा बायकोने विचारलं, "वर काय आहे हो?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते पाणी मीही भरलं. मला सांगायला हवं होतं तुम्ही."

यंदा अपील सुनावणीला येणार असं कळलं तेव्हा जाफराबादची बस धरली. मिस्त्री घराच्या ओट्यावर बसून नळाचे सांधे पुसत होता. शिक्षा झाल्यापासून इमारतींची कामं त्याला कोणी देत नाही. घरोघरचे नळ दुरुस्त करतो. मला ओळखून उभा राहिला. सवयीने राहिला असेल.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फोन, टँकर, झाकण, रजिस्टर. त्याने हातातला सांधा ओट्यावर ठेवला.

मग म्हणाला, "मला वाटलं व्हतं."

"कधीपासून?"

"चाचणीच्या दिशी. पाणी पडलं तवा सगळे वर बघत व्हते. तुम्ही एकटेच खाली बघत व्हते."

मी पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढलं. अपिलात ते दाखल करायचं, मला पुन्हा साक्षीला बोलवायची विनंती करायची, असं त्याच्या वकिलाशी बोलून आलो होतो. माझ्यावर काय कारवाई होईल तेही विचारून आलो होतो. त्याने कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. एका जागी बोट थांबलं.

"साहेब, हे बराबर न्हाई."

"काय?"

"यात तुम्ही सगळं तुमच्यावर घेतलं. माझी चूक लिहिलीच न्हाई. हवा म्या भरली. दाखल्यात हवेवर टेस्ट केली असं म्या लिहिलं न्हाई. अन् पाऊस पडंल असं त्या बायांना म्याच सांगितलं. तेबी लिहा."

"त्याने तुझं नुकसान होईल."

"हुईल. पण ती बाई माझ्या बोलण्यावर उभी राह्यली, तुमच्या न्हाई."

तहसीलसमोरच्या टायपिस्टकडे जाऊन दोन परिच्छेद वाढवून घेतले. त्याने ते पुन्हा वाचले आणि कागद मला परत दिला.

इतकी वर्षं मी लोकांकडून कबुल्या घेतल्या. कबुली म्हणजे समोरच्याच्या तोंडून आपल्याला हवं तेवढं काढून घेणं, बाकीचं 'राहू दे' म्हणणं, असंच मी धरून चाललो. त्या माणसाने पहिल्याच दिवशी पुरी कबुली दिली होती, टाकीसकट. अर्धी मीच कापली. ती पुरी लिहून घ्यायला मला जाफराबादच्या ओट्यापर्यंत जावं लागलं, आणि ती सांगतानाही त्याने स्वतःसाठी एक ओळही कमी करून घेतली नाही. सुनावणीची तारीख लागली आहे. मला समन्स आलं आहे.