वाऱ्याचं निमित्त

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. तिथून समुद्र कुठूनच दिसत नाही. तरी गेल्या श्रावणात वादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी आईच्या अंगणात समुद्रावरचं पाखरू येऊन पडलं. मी महाडहून आईला बघायला गेले होते, कारण आषाढात ती न्हाणीपाशी पडली होती. शेवाळावरून पाय घसरला, असं तीही म्हणाली आणि सगळी वाडीही.

पाखराला तिने चुलीच्या उबेला टोपलीत ठेवलं होतं. भर पावसाळ्यात ताजी मासळी कुठली? श्रावण असूनही तिने डब्यातले सुके बोंबील काढले, भिजत घातले, खारटपणा जावा म्हणून दोनदा पाणी बदललं.

"दर्यातलं हाय, दर्यातलंच खाईल," ती म्हणाली.

पाखराने चोचही उघडली नाही. मी वैतागले. स्वतःच्या जेवणासाठी ही बाई इतकी खपल्याचं मला आठवत नाही.

तिला चैन पडेना, तेव्हा टोपली मांडीवर घेऊन आम्ही एसटीने महाडला जनावरांच्या डॉक्टरांकडे आलो. टेबलावर ठेवलं आणि पाखरू गेलंच. आईने डोळ्यांना पदर लावला.

"वाऱ्यानं मारलं बिचाऱ्याला."

डॉक्टरांनी पंख ताणून पाहिले, छातीवरून बोट फिरवलं. "वारा निमित्त झाला, मावशी. पंख धड आहेत, पण छातीला मांसच नाही. हे आधीपासून उपाशी होतं. पोट भरलेलं असतं तर वाऱ्यातून निभावलं असतं." मग हात धुता धुता म्हणाले, "समुद्रात बारीक मासळी कमी झाली की आधी पिल्लं जातात. मोठी पाखरं पिल्लांना सोडतात, पण स्वतः तगतात. अशी पुरती वाढलेलीच उपाशी मरायला लागली, तर मग कठीण आहे."

"पिलांना सोडून?" आईला ते मुळीच पटलं नाही. "मी नाय सोडली."

नाहीच सोडली. वडिलांच्या मागे आम्हा तिघांना तिने एकटीने वाढवलं. पांगलो ते आम्ही, कुणी मुंबईला, कुणी महाडला. हल्ली 'एकटीसाठी काय चूल पेटवायची' म्हणते आणि आम्ही फोनवर हसतो. तिच्या पोलक्याची बाही एके काळी दंडाला रुतायची. आता त्या बाहीत तिच्या दंडाशेजारी माझाही हात सहज गेला असता. मला भीती वाटली.

"आई, पडलीस त्या दिवशी काय खाल्लं होतंस?"

तिने टोपलीतलं फडकं पाखरावर घातलं.

"चा घेतला व्हता गो."