हूड बसवण्याआधी

वडिलांच्या जुन्या जीपचं हूड फाटलं, म्हणून मी बेल्ह्याच्या एका हूडवाल्याकडे गेलो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. टोपीत सुई खोचलेली, दातांत दोरा धरलेला; त्यामुळे त्याचं बोलणं निम्मं कळायचंच नाही.

नवं हूड शिवून तयार होतं. जुनं काढून त्यानं कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाला, "घरच्यांना घेऊन आधी उघडी चक्कर मारून या. मंग बसवतो."

मी वैतागलो. "अहो, बटणं आहेत की. हवं तेव्हा काढीन."

त्यानं तोंडातला दोरा काढला. "समदे आसंच म्हणत्यात, भाऊ. काढायला आजून कुनी आलं न्हाई."

एवढं बोलून तो चहाला निघूनही गेला. मी चिडूनच येडगावला घरी आलो, आईला पुढे बसवलं आणि धरणाच्या कडेनं निघालो. तीही पदर दातांत धरून बोलत होती. पण "अजून पुढं घे" एवढं मला नीट कळलं.

परत येऊन बसवलेलं ते नवं हूड इतक्या वर्षांनीही भक्कम आहे. बटणं जागीच गंजून बसलीत.

आई मात्र अधूनमधून विचारते, "तो हूडवाला हाय का रं आजून?"