पास्कूच्या काळ्या गाडीवरची लाल धूळ

काल पास्कूला पुरले. शवपेटीचे पॉलिश ओघळलेले होते.

झाकणावर, क्रुसाच्या खाली, ठळक ओघळ. झाकण भिंतीला उभे टेकवून जाड हात मारला की येतात तसे.

चर्चमध्ये दुसऱ्या कोणाला ते दिसले असतील असे मला वाटत नाही. आमच्या गावात नीट बघण्याची सवय एकट्या पास्कूला होती, आणि त्याने ती वाया घालवली.

सकाळपासून ग्रुपवर 'ग्रेट आर्टिस्ट', 'जादुई हात' वगैरे चालू आहे. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही त्याची गाडी कधी हातात घेतलेली नाही.
मी घेतली आहे. म्हणून लिहितो.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी मुंबईत केमिस्ट्री शिकत होतो आणि मे महिन्यात मालवणला घरी येत असे. पास्कू आमचा शेजारी, माझ्याच वयाचा. पांगाऱ्याच्या लाकडातून वीतभर लांबीच्या मोटारी कोरायचा. प्रमाण इतके अचूक, की मोजपट्टी लावणाऱ्याला लाज वाटावी.

वडिलांनी त्याला बोटीवर खलाशी म्हणून पाठवायचे ठरवले होते. त्याला जायचे नव्हते.

त्या मे महिन्यात एक मुंबईकर पाहुणा गावात उतरला होता. दुकानांच्या शोकेस सजवण्याचा त्याचा कारखाना. तो पास्कूला म्हणाला, "एक नमुना दाखव. पसंत पडला तर माझ्याकडे कामाला ये."

एक गाडी. पसंत पडली तर मुंबई, नाही तर बोट.

मी चोरबाजारातून जुना एअरब्रश आणला होता, हवेच्या दाबाने रंग फवारणारा, फोटो रिटच करणारे वापरत तसला. कंप्रेसर कुठला असणार? लॉरीची ट्यूब सायकलच्या पंपाने फुगवायची आणि तिची हवा ब्रशला द्यायची.

आम्ही घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्यांवर प्रयोग केले. रंग पातळ झाला तर ओघळतो. जाड झाला तर संत्र्याच्या सालीसारखा बसतो. हवा दमट असेल तर लॅकर, म्हणजे तो झटपट सुकणारा चकचकीत रंग, पांढुरके पडते. म्हणून ऊन चढल्यावर, पण खारा वारा सुटण्याआधी मारायचा.

हे सगळे मी त्याला शिकवले. त्याने माझ्यापेक्षा चांगले करून दाखवले. तेही नोंदवतो.

नमुन्यासाठी गाडी ठरली गावच्या डॉक्टरांची. काळी. काळ्या ग्लॉसवर काहीही लपत नाही.

नियम एकच होता. हवेच्या वाटेत तेल नको.

शेवटचा हात मारून झाला त्या सकाळी मी गेलो. टपावर, बॉनेटवर, सगळीकडे मोहरीएवढे गोल खड्डे.

"पंपाक काय लावलंस?"

"वायसर सुकलेलो. वायच खोबरेल घातलंय."

केस असोत, बिजागरी असो, दिवा असो की जखम. आमच्याकडे सगळ्यावर एकच उपाय. ते तेल हवेबरोबर गाडीवर उडाले, आणि जिथे तेल बसले तिथून लॅकर मागे सरकले.

"ह्येका फिश आय म्हणतत," मी म्हणालो. "माशाचे डोळे."

"मालवणात माशाचेच येतले. म्हशीचे खंयसून येतले?"

तो हसला. मला हसू आले नाही.

पाहुण्याला गाडी दाखवायला अजून दोन दिवस होते. थिनरने सगळा रंग उतरवून, घासून, नव्याने मारता आला असता. मी थिनरची बाटली त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ती बाजूला सारली.

"रे बीएस्सी, डॉक्टरांची गाडी मसुऱ्याक जावन इली की कशी दिसता, बघितलंस कधी?"

त्याने रस्त्याकडेची लाल माती आणली, आईच्या जुन्या लुगड्यातून गाळली, पातळ व्हार्निशमध्ये कालवली आणि एअरब्रशने गाडीवर मारली. माझे नोझल त्या मातीने कायमचे बाद झाले, ते वेगळेच.

"धूळ पडली की खड्डे कोणाक दिसतत?"

मी गाडी उजेडात धरून तपासली. चाकांमागे धूळ दाट, दारांवर विरत गेलेली, वायपर फिरतो तेवढ्या कमानीत काच स्वच्छ. निरीक्षण निर्दोष होते.

पण ते फिनिश नव्हते. चूक झाकण्यासाठी केलेले काम कितीही सुंदर झाले तरी ती पळवाटच. मी त्याला तोंडावर सांगितले.

"तुझी गाडी कपाटात ठेवची, शाण्या. माझी रस्त्यार धावता."

मुंबईकराने गाडी उचलली, फिरवली, खाली ठेवली. धूळ खडखडीत सुकलेली होती, तरी त्याने रुमालाला बोटे पुसली.

"शोकेसमध्ये नवी गाडी ठेवतात. मळकी कोण बघणार?"

त्या गृहस्थाला खड्डे दिसलेच नाहीत. मूर्ख होता. पण त्याचा मुद्दा बरोबर होता.

पाऊस लागण्यापूर्वी पास्कू बोटीवर गेला.

उमेदीची सगळी वर्षे तोच हात रोलरने जहाजांना रंग फासत राहिला. परतल्यावर मच्छीमारांच्या होड्यांवर नावे रंगवू लागला. अक्षरे उत्तम काढायचा. म्हणूनच मला जास्त संताप यायचा.

हल्ली छोट्या गाड्या बनवणारी हौशी मंडळी त्या वापरलेल्या दिसाव्यात म्हणून 'वेदरिंग'च्या नावाखाली बाटलीबंद धूळ विकत घेतात. त्यांतल्या एकाने मला ऐकवले, "तुमचा मित्र काळाच्या पुढे होता."
अजिबात नव्हता. त्याच्यापुढे दोन दिवस होते. ते त्याने वापरले नाहीत.

काल पेटी खाली सोडली. सवयीने मी बाजूला झुकून म्हणालो, "बघितलंस रे, ओघळ?"

बाजूला त्याचा मुलगा उभा होता.

"काय म्हणालात, काका?"

"काय नाय."

मग एकेकाने मूठभर माती टाकायची वेळ आली. लाल माती. तीच.

मी माझी मूठ नेम धरून क्रुसाच्या खाली टाकली.

ओघळ झाकले गेले.

फिनिश म्हणून मला ते आजही मान्य नाही.

जा, पास्कू.