काविळीच्या माळेचा हर्रास

कळमन्याच्या बाजारात मी संत्र्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचो. शाळा दुसरीपर्यंत, पण गळा असा, की काटोलचा शेतकरी फाटकात शिरायच्या आधीच भाव ऐकायचा. भोंगा मी कधी हातात धरला नाही.

मागच्या साली डोळे पिवळे झाले. खाज इतकी, की खांबाला पाठ घासत बसायचो. बायको दवाखान्यात चला म्हणे, मी गेलो माळ घालणाऱ्याकडे. काविळीची माळ डोक्यावर ठेवायची, ती वाढत खाली येते अन् कावीळही तिच्यासंगं उतरते, असं आमच्याकडे मानतात. माळ वाढली, पार पोटावर आली. डोळे मात्र पिकल्या संत्र्यासारखेच.

"ह्या माळेपायी मले तुमच्या फोटोले हार घालाले लावता का?" बायको म्हणाली. मग गेलो.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. म्हणाली, "बाबाजी, लिव्हरकडे जाणारी तुमची मोठी नस फार पूर्वीच गोठून बंद पडली. रक्तानं बाजूच्या बारक्या नसांतून वाट काढली. त्या फुगल्या आणि आता पित्ताची नळी दाबतात."

"म्हणजे मोठ्या फाटकाले कुलूप, म्हणून गाड्या गल्लीत घुसल्या!"

"अगदी! तोंडातून दुर्बीण घालून आत बारीक नळी ठेवू. पित्ताला वाट होईल."

"तोंडातून?" मी उठलोच. "पोट कापा पाहिजे तर. गळ्याले हात लावू देणार नाही."

"पोट कापलं तर त्या फुगल्या नसांचं रक्त आवरणं कठीण. आवाजाची वाट वेगळी असते, बाबाजी. एखाद दिवस घसा दुखेल."

मी दाराकडे निघालो. बायको दारातच उभी.

"बोलणाराच नाही राह्यला, त आवाज काय चाटाचा आहे?"

परत फिरलो. संमतीच्या कागदावर अंगठा नाही, सही केली.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात नुसते काटे. आवाज गेला का काय? माझी माळ बायकोच्या हातात होती. ती ओढून घेतली, उंच धरली.

"बोला! पिवळा माल, एक नंबर! बोला!"

पहिला शब्द फाटका निघाला. पुढचे वॉर्डाच्या पार टोकाला गेले. पेशंट उठून बसले, सिस्टर धावत आली.

"एक कप चहा!" बायकोनं बोली दिली.

"एक कप चहा एक वार, दोन वार... अजून कोणी? तीन वार!"

माळ तिलाच सुटली. पुढं खाज गेली, डोळेही निवळले. नळी अधूनमधून बदलावी लागते, तर आता मीच आधी चपला घालतो.

तो चहा मात्र सिस्टरनं संध्याकाळपर्यंत पिऊ दिला नाही.