काढ्याभाऊची शर्यत

सकाळी सकाळी काढ्याभाऊचं तोंड दिसू नये, असं गावात मानत. माणूस वाईट नव्हता. उलट इतका मऊ बोलणारा मासेमार ढिवर मी दुसरा पाहिला नाही. पण तलावात बुडालेलं माणूस तोच शोधून काढायचा, म्हणून त्याचं नाव काढ्या. तो घाईनं कुठं निघालेला दिसला की बाया दारात येऊन आपापल्या पोरांना हाका मारू लागत. पोरानं ओ देईपर्यंत त्यांच्या जिवात जीव नसे.

मी तेव्हा नागभीड स्टेशनात तिकीटबाबू होतो आणि कोसभरावरच्या त्या गावात खोली घेऊन राहत होतो. खोलीसमोरच तलाव. शिंगाड्याच्या वेलींनी अर्धा झाकलेला, दिसायला देखणा, पण मला मनातून कधीच न आवडलेला. काढ्याभाऊ पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाळं विणत बसे, नजर मात्र पाण्यावर.

"काय बघता हो सारखं?" मी एकदा विचारलं.

"पानी आज लय चूप हाय बाबू, म्हणून पाहून राह्यलो," तो म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही.

हाक आली की तो धावत सुटे आणि एवढंच विचारी, "कोनत्या जागी?" मग पाण्यात असा जाई की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. तरी बिचाऱ्याला यश नव्हतं. कारण गावाची रीतच विपरीत! काढ्याला बोलावणं म्हणजे माणूस गेला हे कबूल करणं. त्यामुळे लोक आधी रडत, मग देवाला साकडं घालत, आपल्या हातांनी पाणी ढवळून बघत आणि अगदी शेवटी त्याच्याकडे माणूस धाडत. तो वेगानं पोहायला शिकला तो या लोकांचा उशीर भरून काढायला. तो कधी भरून निघाला नाही.

त्याचा एक नेमही होता. तळाशी गेल्यावर माणूस सापडलं नाही, तर मूठभर गाळ तरी घेऊन वर यायचं. रिकाम्या हातानं वर येणाऱ्याच्या घरातल्या माणसाचा पाणी बळी घेतं, असं त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं.

अशा माणसाला शर्यतीत उतरवायची हौस आली एका साहेबाला. दौऱ्यावर असताना त्यांनी काढ्याभाऊला पोहताना पाहिलं आणि नागपूरला नेलं. तिथं एकाच फेरीच्या शर्यतीत त्यानं सगळ्यांना मागं टाकलं. पुढं कलकत्त्याला परदेशी पोहणारे यायचे होते, त्यांच्याबरोबर शंभर मीटरच्या शर्यतीत याचं नाव लागलं. काढ्याभाऊ मात्र एकच धरून बसला, "मी नसलो तं तलावावर कोन?" पाटील म्हणाले, "आठ दिवसांत कोन बुडून राह्यलं? गावाचं नाव होते, जा." अखेर त्याचा धाकटा भाऊ, लहान्या, पुढं झाला.

"मी आहो ना दादा. तू जाय."

"वेलीत पाय नोको मारू, लहान्या. पाय मारला का वेल आवळते," एवढंच तो निघताना म्हणाला.

इंग्रजी येतं म्हणून मला सोबत धाडलं होतं. कलकत्त्याचा तो पोहायचा तलाव बघून काढ्याभाऊ बावरला. तळाच्या फरश्या दिसतील इतकं नितळ पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. "पल्याड तं कोनीच नाई बाबू," तो म्हणाला, "मंग जायाची घाई कायची?"

पिस्तूल वाजलं आणि तो सुटला. गोरे, तगडे गडी मागं पडले. लोक उभे राहून ओरडू लागले, मीही ओरडलो. पहिली फेरी संपली. बाकीचे भिंतीला हात लावून उलटले आणि आमचा गडी दिसेनासा झाला! पोचलं की बुडी मारायची, ही जन्माची सवय. तो थेट तळाशी गेला होता. वर आला तेव्हा बाकीचे निम्म्या वाटेवर होते. लोक हसत होते. तो मात्र आपल्या उघड्या तळहातांकडे बघत होता.

"हात रिकामे आले बाबू. मूठभर मातीबी नाई भेटली." परतीच्या गाडीत त्यानं अन्नाला हात लावला नाही. असं काही नसतं, अशी मी त्याची समजूत घालत होतो. पण गोंदियाला छोट्या रुळाच्या गाडीत बसलो तेव्हा मीही एकेक स्टेशन मोजू लागलो होतो.

नागभीडच्या फलाटावर गाव जमलं होतं. सत्काराला आले असतील, असं मी मनाला समजावलं. पण कुणाच्या हातात हार नव्हता आणि कुणी वर बघत नव्हतं. काढ्याभाऊ उतरला. एकेक चेहरा बघत गेला. त्यात लहान्या नव्हता.

"कोनत्या जागी?" त्यानं विचारलं.

पाटलांनी वाटेत सांगितलं. आदल्या दुपारी शिंगाडे तोडताना एक पोरगी डोंग्यातून, लहान होडीतून, पाण्यात पडली. लोक रडायला लागायच्या आत लहान्यानं उडी घेतली. पोरीला डोंग्यापर्यंत ढकललं आणि स्वतः वेलींत गुंतला. तेव्हापासून सगळे शोधत होते.

काढ्याभाऊ प्रवासाच्या कपड्यांनिशीच उतरला. त्या दिवशी तो अगदी सावकाश पोहला. मला बघवेना म्हणून मी तोंड फिरवलं. बायांचा हंबरडा ऐकू आला तेव्हा तो कमरेइतक्या पाण्यात लहान्याला उराशी धरून उभा होता.

"पोरगी?" त्यानं विचारलं.

पोरीच्या आईनं तिला पुढं केलं. भेदरलेली, पण धडधाकट. तो तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग लहान्याच्या तोंडावरची वेल बाजूला सारून मला म्हणाला, "मी आजवर मेलेलेच काढले बाबू. यानं जित्तं काढलं."